मॅक्बेथ : विश्वासघाताचें खरें शासन



शेक्सपिअरचें ‘मॅक्बेथ’ हें नाटक वरच्या वर्गांतील पुष्कळांनीं वाचलें असेल. इतरांनीं निदान गोष्टरूपानें तरी ऐकलें असेल. तें सुमारें १६०६ सालीं लिहिलें गेलें आणि कवीच्या मृत्यूनंतर, १६२३ सालीं, त्याच्या नाटकांच्या संग्रहांत प्रथम छापलें गेलें. आपल्या रंगभूमीसही तें परकें नाहीं. १८९८ सालीं शिवराम महादेव परांजपे यांनीं ‘मानाजीराव’ या नांवानें व १९५४ सालीं वि. वा. शिरवाडकर यांनीं ‘राजमुकुट’ या नांवानें त्यास मराठी वेष चढविला. ‘अति महत्त्वाकांक्षेनें मनुष्याचा नाश होतो,’ एवढें तात्पर्य लिहिलें म्हणजे परीक्षेंत गुण मिळतात. परंतु तो नाश कोणत्या रीतीनें होतो, हें पाहिल्यावांचून या नाटकाचें मर्म हातीं लागत नाहीं. येथें तेवढाच एक धागा धरून आपण हें नाटक पाहूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही कथा इतिहास म्हणून वाचावयाची नाहीं. खरा डंकन राजा १०४० सालीं लढाईंत पडला व खऱ्या मॅक्बेथनें त्यानंतर सतरा वर्षें राज्य केलें. निजलेल्या पाहुण्या राजाचा यजमानानें केलेला खून ही नाटकाची रचना आहे. आणि कवीचा सर्व भर याच विश्वासघातावर आहे.

आरंभीं मॅक्बेथ दुष्ट नाहीं. तो डंकनाचा आप्त व शूर सेनापति आहे. बंडाचा मोड करून आपला सोबती बँको याच्यासह तो परत येत असतां ओसाड माळावर तीन चेटकिणी भेटतात. मॅक्बेथ राजा होईल, आणि बँको स्वतः राजा न होतां राजांचा मूळपुरुष होईल, असें भविष्य त्या वर्तवितात. खून कर, असें मात्र त्या एका शब्दानेंही सांगत नाहींत. तेंच भविष्य ऐकून बँको सावध होतो. मॅक्बेथच्या मनांत मात्र तत्काळ खुनाचें चित्र उभें राहतें. बीं बाहेरून आलें खरें, पण जमीन आंत तयार होती.

पुढचाच प्रवेश फार मार्मिक आहे. कॉडॉरचा सरदार फितूर निघाल्यामुळें त्यास देहान्त शासन झालें आहे व त्याची पदवी मॅक्बेथला मिळाली आहे. ज्याच्यावर पूर्ण भरंवसा ठेवला, त्याचें अंतःकरण चेहऱ्यावरून ओळखतां आलें नाहीं, असा खेद डंकन करीत आहे, तोंच मॅक्बेथ प्रवेश करतो. आणि राजा त्याच भरंवशानें त्याचें स्वागत करतो. एका फितुराच्या रिकाम्या जागीं दुसरा येऊन उभा राहिला, हें प्रेक्षकांस कळतें, राजास कळत नाहीं.

राजा मॅक्बेथच्या घरीं मुक्कामास येतो. आपण याचे आप्त, याचे सेवक आणि आज तर याचे यजमान, हें मॅक्बेथ स्वतःशींच बोलून दाखवितो व क्षणभर माघारही घेतो. पत्नी त्याच्या पुरुषार्थास डिवचते आणि खून होतो. म्हणजे हें पाप अज्ञानानें घडलेलें नाहीं; सर्व कांहीं जाणून केलेलें आहे.

मुकुट मिळाला. आतां शासनास आरंभ होतो. बँको व त्याचा मुलगा यांस मारण्यासाठीं मॅक्बेथ दोन मारेकरी नेमतो. परंतु त्यांच्यावरही विश्वास नाहीं, म्हणून त्यांस न कळवितां तिसरा पाठवितो. प्रत्येक सरदाराच्या घरीं त्यानें एकेक पगारी चाकर हेर म्हणून ठेविला आहे. पहिल्या खुनांत जी पत्नी त्याची भागीदार होती, तिलाही या दुसऱ्या बेताची वार्ता तो लागूं देत नाहीं. डंकनास मारण्यापूर्वीं त्यानें किती विचार केला! पुढें मॅक्डफ सरदार इंग्लंडास निघून गेल्याचें कळतांच, त्याच्या निरपराध बायकोमुलांची कत्तल करण्याचा हुकूम तो विचारावांचूनच देतो. आणि हें विष त्याच्या एकट्याच्या घरापुरतें राहत नाहीं. डंकनाचा पुत्र माल्कम याच्याकडे मॅक्डफ साहाय्यार्थ जातो, तेव्हां हाही हेर नसेल ना, या शंकेनें माल्कम त्याची कसून परीक्षा पाहतो. एकानें विश्वास मोडला, तर सज्जनांनाही एकमेकांवर विश्वास टाकणें कठीण होतें.

अखेरीस पत्नी झोपेंत उठून हातांवरचे न दिसणारे डाग धुऊं लागते आणि मरते. पतीच्या डोळ्यांत अश्रु येत नाहींत. सैनिक आज्ञेनें उभे आहेत, प्रीतीनें नव्हेत. सर्व माणसांवरचा विश्वास गेल्यावर मॅक्बेथ शेवटपर्यंत ज्यांच्या शब्दाला चिकटून राहतो, त्या चेटकिणी! आणि त्यांचाच शब्द दुतोंडी निघतो. याहून कठोर शासन कोणता न्यायाधीश देता?

हें केवळ नाटकांतच घडतें असें नाहीं. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पुण्यास शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला व चुलते रघुनाथराव गादीवर आले. रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्यांस दोषी ठरविलें, कारभारी मंडळी त्यांच्याविरुद्ध एकवटली, आणि १७७५ सालीं सुरतेच्या तहानें त्यांस इंग्रजांचा आश्रय करावा लागला. घरच्यांचा विश्वास गमावल्यावर परक्याचें दार ठोठावणें एवढाच मार्ग उरला.

आपल्या शाळेच्या लहानशा जगांत मुकुट नाहींत. परंतु वर्गनायकाचें पद आहे, पहिला क्रमांक आहे, खेळाच्या संघांतील जागा आहे. मित्रानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट त्याच्याविरुद्ध वापरून यांपैकीं कांहीं मिळवितां येतें, व कदाचित् तें टिकतेंही. पण त्या दिवसापासून आपलें गुज कोणापाशीं सांगावें, हा प्रश्न आपणांस पडेल. कारण आपण जें केलें, तें दुसरा कां करणार नाहीं? पालकांसही एक विनंती आहे : मूल बक्षीस घेऊन घरीं आलें म्हणजे त्याचें कौतुक अवश्य करावें, मात्र काय मिळविलें याबरोबरच तें कसें मिळविलें, हेंही प्रेमानें विचारावें.