विकास कुणापर्यंत पोचतो?

सबमिशन आणि व्हायव्हाच्या गडबडीत हे अर्थशास्त्र कुठून आणलं, असं म्हणाल. पण महाराष्ट्रात नोकरी लागली की पहिल्याच सॅलरी स्लिपवर 'प्रोफेशनल टॅक्स' नावाची छोटीशी कपात दिसेल. ती कशासाठी सुरू झाली हे कळलं, की विकासदर, गरिबी आणि विषमता यांचं नातं निम्मं समजलंच म्हणा.

आधी थोडं गणित. ७० ला वाढीच्या दराने भागलं की उत्पन्न किती वर्षांत दुप्पट होईल ते कळतं. १९८० पर्यंत आपली अर्थव्यवस्था साधारण साडेतीन टक्क्यांनी वाढायची. त्यातून लोकसंख्यावाढीचे दोन टक्के वजा केले की माणशी दीड टक्का उरतो. म्हणजे दुप्पट व्हायला ४७ वर्षं! तेव्हा वाढ हवीच, यात वाद नाही.

पण नुसती वाढ पुरते का? दहा जणांची वस्ती घ्या. नऊ जण महिना १००० रुपये कमावतात, एक जण ११,०००. सरासरी २०००. उद्या त्या एकाचे ३१,००० झाले की सरासरी ४०००. विकास शंभर टक्के, गरीब मात्र नऊच्या नऊ जागेवर!

वीजनिर्मिती वाढली म्हणून वाडीत आपोआप दिवा लागत नाही. मधे लाइन लागते, ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि गळती किती तेही बघावं लागतं. समाजात ही लाइन म्हणजे संस्था. संस्था म्हणजे इमारत नव्हे; कायदे, नियम आणि ते पाळायला लावणारी यंत्रणा. देशांच्या समृद्धीत संस्थांचा वाटा कसा असतो, या अभ्यासासाठीच असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे रोजगार हमी योजना. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ साली सांगली जिल्ह्यात विसापूरला तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर ऐन भरात सुमारे ५० लाख माणसं होती. पुढे १९७७ चा कायदा १९७९ पासून अमलात आला आणि काम मागणं हा हक्क झाला. मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. पैशासाठी १९७५ पासून नोकरदार-व्यावसायिकांवर कर बसला. तीच आपली कपात. शहरात वाढ झाली, नियमाने तिचा वाटा दुष्काळी गावाकडे वळवला. काम अंगमेहनतीचं आणि मजुरी बेताची, त्यामुळे खरा गरजूच यायचा; गरीब कोण हे साहेबांनी ठरवायची गरज नव्हती.

गळतीही होतीच. हजेरीपटावर खोटी नावं आली की पैसा मधेच मुरायचा. कायदा तोच, पण जिथे हजेरीपट चोख, तिथे मजुराच्या हातात पैसे पडायचे. संस्थेचा दर्जा म्हणतात तो हाच.

आता खरी मेख. रोहयोवर मजुरांनी पाझर तलाव खणले. पाणी कुणाच्या विहिरीत उतरलं? ज्याची जमीन तलावाखाली, त्याच्या. मजुराची चूल पेटली, गरिबी हटली. पण बागायतदार आणि भूमिहीन यांच्यातलं अंतर वाढलं. म्हणजे गरिबी कमी होणं आणि विषमता कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

यावरचा उपाय एका इंजिनीअरनेच दाखवला. विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम साधा: पाण्याचा वाटा जमिनीप्रमाणे नाही, माणशी अर्ध्या एकराप्रमाणे. भूमिहीनालाही वाटा, आणि पाणी पिणाऱ्या उसाला बंदी. पंप तोच, पाइप तोच. बदलला फक्त वाटपाचा नियम.

आपण धरणं बांधू, सॉफ्टवेअर लिहू. त्याने विकासदर वाढेल, आणि वाढावाच. पण डिझाइन करतानाच एक प्रश्न विचारायची सवय ठेवू या: पाइपाच्या दुसऱ्या टोकाला कोण उभं आहे, आणि नळ कुणाच्या हातात आहे?