दुसरा पडदा : एका बिघाडाचा अभ्यास

(द्वितीय वर्ष, कला)

संगणकाविषयीचा लेख विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याने लिहावयाचा, असा आपल्याकडे एक समज आहे. त्यात फारसे चूकही नाही. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एका बिघाडाशी मला तीन दिवस झगडावे लागले आणि अखेर वाट सापडली ती तर्कशास्त्राच्या पुस्तकात. म्हणून हा उद्योग.

प्रथम परिस्थिती सांगते. आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. वडील एम.आय.डी.सी.तील एका कारखान्यात कामाला आहेत. आई घरून पोळी-भाजीचे डबे देते. माझ्या आधी आमच्या घरातील कोणीही दहावीच्या पुढे गेलेले नाही. त्यामुळे घरात कोणतेही यंत्र अडले की 'तिला विचारा, ती कॉलेजात जाते' असे म्हटले जाते. मला काय येते हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

सुट्टीत मला एक काम मिळाले होते. मुरबाडकडील एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या गावाची माहिती वह्यांमध्ये लिहून ठेवली आहे. ती युनिकोडमध्ये टंकित करून द्यावयाची. पाने दोनशे चाळीस, दर पानाला पंचवीस रुपये. वह्यांचे फोटो मला मिळाले होते. मावसभावाने वापरून दिलेल्या माझ्या लॅपटॉपचा पडदा चौदा इंची. त्यावर अर्ध्यात फोटो आणि अर्ध्यात टंकन केले की गुरुजींचे बारीक अक्षर मुंगीएवढे होई. 'भात' की 'मात' हे कळेना. दुसरा पडदा हवा होता.

लॅपटॉप पातळ जातीचा असल्याने त्याला मॉनिटरची तार लावण्याची सोय नाही. दोन यूएसबी-सीची छिद्रे, एक डावीकडे व एक उजवीकडे, आणि जुन्या धर्तीचे एक यूएसबी, एवढेच. म्हणून मध्ये हब हवा. आईने भिशीतले चार हजार काढून दिले. मी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरले, लॅमिंग्टन रोडवर दोन तास हिंडले आणि एक जुना मॉनिटर व एक नवा हब घेऊन दुपारच्या गाडीने परत आले. (मॉनिटर मांडीवर घेऊन दादर ते डोंबिवली हा प्रवास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

घरी सर्व जोडले. मॉनिटरवर अक्षरे उमटली : 'नो सिग्नल'. वडील पाळीवरून आले, त्यांनी ती पाहिली आणि एवढेच विचारले, "फसवलं का गं तुला?"

आता मी काय काय केले ते सांगते. मॉनिटरच्या बटणाने एचडीएमआय हीच वाट निवडली आहे ना, हे पाहिले. विंडोजची कळ आणि 'पी' एकदम दाबून 'एक्स्टेंड' निवडले. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व 'बी' या चार कळा एकत्र दाबल्या. याने चित्राचा कारभार पाहणारा प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर मिटला, एक 'टुक' झाली, बाकी काही नाही. लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. शेजारच्या काकूंकडून दुसरी एचडीएमआय तार आणली. व्यर्थ.

दुसऱ्या दिवशी जरा शिस्तीने घेतले. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स मॉनिटरला जोडला, तर मालिका लख्ख दिसू लागली. म्हणजे मॉनिटर निर्दोष. उलट हबची तार टीव्हीला लावली, तर टीव्हीही काळा. हबमध्ये माउस आणि पेनड्राइव्ह लावून पाहिले, दोन्ही चालले. यावरून मी निष्कर्ष काढला की हबचे बाकी सर्व ठीक आहे, फक्त चित्राचा भाग मेलेला आहे. दुकानदाराने सात दिवसांत बदलून देण्याचे कबूल केले होते. पिशवी भरून ठेवली.

हा निष्कर्ष चुकीचा होता, आणि का चुकीचा होता हेच या लेखाचे खरे प्रयोजन.

यूएसबी ही जोडणी १९९६ साली आली. इंटेल कंपनीत तिच्या घडणीत पुढाकार घेणारे अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी. आज आपण ज्याला यूएसबी-सी म्हणतो, त्या उलटसुलट कसेही बसणाऱ्या चपट्या तोंडाचे मानक २०१४ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाले. त्या इवल्या तोंडात चोवीस संपर्कबिंदू असतात, बारा वर आणि बारा खाली. काही विजेसाठी, काही जुन्या यूएसबीसाठी, आठ म्हणजे चार जोड्या वेगवान वाहतुकीसाठी. आणि उरलेल्यांपैकी दोन केवळ बोलणी करण्यासाठी. तार घातली की आधी ही बोलणी होतात : तू कोण, सुलट की उलट, वीज किती हवी, चित्र हवे का. समोरून होकार आला, तर वेगवान जोड्यांपैकी दोन किंवा चारही यूएसबीचे काम सोडून डिस्प्लेपोर्ट पद्धतीचे चित्र वाहू लागतात. या पर्यायी रीतीची घोषणा २०१४ च्या सप्टेंबरात झाली. हब मग त्या चित्राचे एचडीएमआय करून मॉनिटरला देतो.

परंतु ही रीत ऐच्छिक आहे! छिद्राचा आकार सांगतो तो फक्त आकार. आत चित्राच्या तारा जोडायच्या की नाही हे लॅपटॉप बनविणारा ठरवितो आणि खर्च वाचविण्यासाठी पुष्कळदा एकाच छिद्राला जोडतो. आपल्या स्थानकावर फलाट सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येकावर जलद गाडी थांबत नाही, तसेच हे. माउस चालला याचा अर्थ माउसची वाट उघडी आहे, इतकाच. चित्राच्या वाटेविषयी माउस साक्ष देऊ शकत नाही.

जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली कारण शोधण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्या आम्हांला प्रथम वर्षाला होत्या. मी आदल्या दिवशी जे केले ती व्यतिरेक पद्धती : एकच गोष्ट बदलावी आणि परिणाम बदलतो का ते पाहावे. परंतु तिच्यात एक अडचण आहे. जी गोष्ट बदलण्याचे आपल्याला सुचतच नाही, ती तपासातून निसटते. तेथे अन्वय पद्धती उपयोगी पडते. जेव्हा जेव्हा चित्र आले नाही, त्या सर्व वेळी समान काय होते?

खरे सांगायचे तर मिल आठवला तो मागाहून. तिसऱ्या दिवशी सकाळी आईला चटणी वाटायची होती. तिने मिक्सरसाठी माझ्या चार्जरची पिन बोर्डातून काढली आणि वायर पायात येते म्हणून लॅपटॉपमधूनही उपटून गुंडाळून ठेवली. मी कुरकुरत लॅपटॉप उचलला, तो डावे छिद्र मोकळे दिसले. तीन दिवसांत ते प्रथमच मोकळे झाले होते! तार बदलली, पडदा बदलला, कळा दाबल्या. पण चार्जर डावीकडे आणि हब उजवीकडे ही मांडणी एकदाही बदलली नव्हती. छिद्राशेजारी पाहिले, तर डावीकडे डिस्प्लेपोर्टची इंग्रजी 'डी'सारखी बारीक खूण होती. उजवीकडे फक्त यूएसबीचा त्रिशूळ.

हब डावीकडे लावला. गुरुजींच्या वहीचे सतरावे पान मॉनिटरवर अवतरले. खात्रीसाठी पुन्हा उजवीकडे लावला : काळोख. पुन्हा डावीकडे : सतरावे पान. आईने मिक्सर थांबवून विचारले, "झालं?"

चार्जरचे काय, हा प्रश्न उरला. हबला स्वतःचे एक यूएसबी-सी छिद्र होते, ते मी शोभेचे समजत होते. चार्जर त्यात लावायचा; वीज हबमधून लॅपटॉपकडे जाते. मात्र हब त्यातली थोडी स्वतःसाठी ठेवतो, त्यामुळे कधी कधी 'चार्जर मंद आहे' अशी तक्रार पडद्यावर येते. घाबरण्याचे कारण नाही. उलट चार्जर न लावता हबवर पेनड्राइव्ह, माउस, मॉनिटर सारे लादले, तर चित्र लुकलुकू शकते.

ज्यांना फोर-के मॉनिटर घ्यावयाचा आहे त्यांच्यासाठी थोडे गणित. माझ्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० बिंदू. प्रत्येक बिंदूला २४ बिट, सेकंदाला ६० चित्रे. म्हणजे सेकंदाला सुमारे २९९ कोटी बिट. फोर-केला हेच चौपट, सुमारे ११९४ कोटी. पुष्कळ हब दोन जोड्या चित्राला देतात आणि दोन यूएसबीसाठी राखतात. जुन्या वेगाच्या डिस्प्लेपोर्टवर दोन जोड्यांतून ८६४ कोटीच जातात. म्हणून असा हब फोर-के चित्र साठऐवजी तीस वेळाच दाखवितो आणि माउसचा बाण अडखळतो. तो बिघाड नव्हे. ज्यांच्या लॅपटॉपला चित्राचे छिद्रच नाही, त्यांच्यासाठी डिस्प्लेलिंक जातीचे अडॅप्टर मिळतात. ते चित्र आवळून साध्या यूएसबीवरून पाठवितात. मात्र त्यांना वेगळा प्रोग्रॅम घालावा लागतो आणि ते महाग असतात.

भरलेली पिशवी मी त्याच दिवशी रिकामी केली. डाव्या छिद्राशेजारी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, कारण ती खूण धाकट्या भावाला दिसत नाही. संध्याकाळी वडील आले तेव्हा दोन्ही पडदे चालू होते. ते बराच वेळ उभे राहून गुरुजींचे अक्षर वाचीत होते. मग म्हणाले, "ओळ चुकलीस. 'मात' नाही, 'भात' आहे."