क्रोझच्या पायवाटा

फ्रान्स देशाचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पॅरिस नगरी उभी राहते. तेथील रुंद राजमार्ग, दगडी प्रासाद आणि आयफेलचा मनोरा यांची चित्रे आपण सर्वांनी पाहिलेली असतात. या पाठात मात्र आपण पॅरिसला जाणार नाही. तेथून दक्षिणेस सुमारे ३०० किलोमीटरांवर क्रोझ नावाचा एक लहानसा, निवांत जिल्हा आहे. त्यातून वाहणाऱ्या नदीचेच नाव त्याला मिळाले आहे. जुन्या लिमूझाँ प्रांताचा हा एक भाग. येथे मोठी शहरे नाहीत, समुद्र नाही, उत्तुंग पर्वतही नाहीत. सबंध जिल्ह्यात एकही जागा १,००० मीटर उंचीची नाही. प्रवाशाने येथे यावे ते पायी हिंडण्यासाठी.

येथील भूमी ग्रॅनाइटची आहे. घरे त्याच करड्या दगडाची, चौरस्त्यावरचे क्रूस त्याच दगडाचे, आणि ओढ्यावरचा लहानसा पूल म्हणजेही कित्येकदा दोन दगडांवर टाकलेली एक लांबलचक शिळाच. टेकड्या उतरत्या, कुरणे हिरवीगार आणि त्यांत तांबूस रंगाची, भक्कम बांध्याची लिमूझाँ गुरे चरत असतात. कुरणाच्या फाटकातून वाट जात असेल, तर फाटक उघडून आत जावे आणि आपल्यामागे ते न विसरता लावून घ्यावे, हा येथे चालणाऱ्याचा पहिला धडा होय. बहुतेक चढ असे की बोलता बोलता चढून जावे. खेड्यात शिरताच दगडी हौद दिसतो, त्यालगत जुन्या काळी बायका कपडे धुवीत ती छपरी दिसते. माणूस मात्र एखादेच दिसते.

वाटांमध्ये सर्वांत मनोहर त्या खोलगट वाटा. आपल्याकडे खेडोपाडी जिला पाणंद म्हणतात, तिचीच ही फ्रेंच बहीण. शतकानुशतके माणसांची पावले, गुरांचे खूर, गाड्यांची चाके आणि पावसाचे पाणी यांनी वाट खाली खाली झिजत गेली. दोन्ही अंगांना बांध उंच राहिले. बांधांवर ओक आणि हेझेल यांची झाडे वाढली. आणि वर फांद्यांत फांद्या गुंतून त्यांचे छत झाले. भर उन्हाळ्यात दुपारीही आत गारवा असतो. शरद ऋतूत चेस्टनटची काटेरी फळे पायांखाली पडलेली असतात. आज लोक ती हौसेने भाजून खातात. पूर्वी हिवाळ्यातील कित्येक महिने गरिबांचे पोट त्यांवरच चालत असे.

अशी वाट कोणी एका दिवसात खणलेली नसते. मग ती इतकी खोल जाईतो येथे चालले तरी कोण? कारण आज तर तासन्‌तास चालले तरी दुसरा वाटसरू भेटत नाही.

या प्रश्नाचे उत्तर क्रोझच्या गवंड्यांच्या हकीगतीत आहे. येथील जमीन नापीक, कुटुंबे मोठी. म्हणून वसंताच्या आरंभी, मार्चच्या सुमारास, गावोगावचे पुरुष पॅरिस, लियों इत्यादी शहरांकडे बांधकामाच्या कामासाठी निघत आणि हिवाळ्याच्या तोंडाशी कमाई घेऊन परत येत. शेत, गुरे आणि मुलेबाळे यांचा भार तोवर बायका वाहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दरवर्षी ३०,००० हून अधिक पुरुष अशा रीतीने घर सोडीत असत. पॅरिसमधील ज्या भव्य इमारती पाहून जग थक्क होते, त्यांपैकी कितीतरी इमारतींच्या भिंती या खेडवळ हातांनी उभारलेल्या आहेत.

त्यांच्यापैकी एकाने आपली जीवनकहाणी लिहून ठेवली, हे आपले भाग्य. त्याचे नाव मार्तां नादो. ला मार्तिनेश नावाच्या वाडीत १८१५ साली त्याचा जन्म झाला. मुलाने वाचायला शिकावे असे बापाला फार वाटे. पण आजोबा आणि आई यांचा त्याला विरोध होता. त्यांच्या मते शेतकऱ्याच्या पोराला अक्षरांचा काय उपयोग? घरात वाद झाले, परंतु बापाने आपला हट्ट सोडला नाही. जन्मभर शाळेत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला त्या निरक्षर गवंड्यापुढे मान लववावीशी वाटते.

मार्च १८३० मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मार्तां बापाबरोबर पॅरिसला निघाला. अंगावर घरच्या लोकरीचे जाडेभरडे नवे कपडे, पायांत जड जोडे. आई आणि बहिणी रडत होत्या. गवंड्यांचा तांडा रानांतून, चिखलातून, अशाच आडवाटांनी ऑर्लेआँ शहरापर्यंत पायी चालला. तेथून पुढे गाडी मिळाली. मुलाचे पाय सोलवटून निघाले होते. वाटेवरचे लोक या खेडुतांची टवाळी करीत, तीही सोसावी लागे. पॅरिसमध्ये दिवसभर विटा-चुना वाहून तो रात्री अभ्यास करू लागला आणि पुढे आपल्या खोलीत सोबतच्या गवंड्यांना लिहावाचावयास शिकवू लागला. १८४९ साली तो फ्रान्सच्या विधिमंडळात निवडून आला. १८५१ च्या डिसेंबरमध्ये लुई नेपोलियनने सत्ता बळकावल्यावर त्याला देशत्याग करावा लागला. इंग्लंडमध्ये आधी गवंडीकाम आणि मग शिक्षकाचा पेशा करून त्याने दिवस काढले. १८७० मध्ये तो स्वदेशी परतला. त्याच्या आठवणींचे पुस्तक १८९५ साली प्रसिद्ध झाले आणि १८९८ मध्ये त्याचा अंत झाला.

नादोच्या हयातीतच या वाटांचे दिवस फिरले होते. १८५६ साली लोहमार्ग ला सुतेरेन या गावी पोचला आणि गवंडी आगगाडीने जाऊ लागले. जाणे सोपे झाले, तसे परत येणे कमी झाले. कुटुंबेच्या कुटुंबे शहरात स्थायिक झाली. पुढे पहिल्या महायुद्धाने घराघरांतील तरुण नेले. झाँत्यू गावी १९२२ साली उभारलेल्या युद्धस्मारकावर विजयी शिपायाची मूर्ती नाही. तेथे एक पोरका शाळकरी मुलगा मूठ उगारून उभा आहे आणि युद्धाला धिक्कारणारे शब्द दगडात कोरलेले आहेत. क्रोझमध्ये १८५१ साली २,८७,००० लोक राहत असत. आज जेमतेम १,१५,००० च्या आसपास राहतात.

माणूस गेला की वाट मोडते. ‘वाट मोडणे’ हा आपल्या भाषेतील प्रयोग किती यथार्थ आहे! आधी गवत येते, मग काटेरी झुडपे, मग एखादे झाड आडवे पडते आणि ते उचलावयास कोणी नसते. फ्रान्समध्ये अशा ग्रामीण वाटा कम्यूनच्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या संस्थेच्या, मालकीच्या असतात. परंतु मोठ्या रस्त्यांना कायद्याचे जे भक्कम कवच असते ते यांना नाही. शेजारच्या जमीनमालकाने वाट नांगरून आपल्या शेतात घेतली आणि तीस वर्षे कोणी हरकत घेतली नाही, तर तीवर त्याला हक्क सांगता येतो. वापरातून गेलेली वाट रीतसर चौकशी करून कम्यून विकूही शकते. उलट, वाट सार्वजनिक आहे की नाही हे ठरविताना लोक तीवरून ये-जा करतात काय, हे पाहिले जाते. म्हणजे सुट्टीच्या दिवशी पाठीवर पिशवी टाकून सहज फिरावयास निघालेला मनुष्यही, त्याला ठाऊक नसले तरी, त्या वाटेच्या बाजूने साक्ष देत असतो.

अशी साक्ष देणारे आज पुष्कळ आहेत. फ्रान्समध्ये १९४७ साली दूरच्या पल्ल्याच्या पायवाटांसाठी एक समिती स्थापन झाली. जाँ ल्वाझो हा वास्तुविशारद तिच्या प्रवर्तकांपैकी एक. तेव्हापासून झाडांवर, दगडांवर, भिंतींवर रंगाच्या खुणा करण्याची पद्धत देशभर पसरली. वर पांढरा आणि खाली तांबडा असा दुहेरी पट्टा दिसला, की ती लांब पल्ल्याची वाट समजावी. केवळ पिवळा पट्टा असेल, तर ती जवळच्या फेरीची वाट होय. पट्टे फुलीसारखे एकमेकांवर काढलेले असतील, तर आपण चुकलो असे जाणून मागे फिरावे. आज अशा खुणांच्या वाटा सुमारे १,८०,००० किलोमीटर भरतात. त्यांतील चौथ्या क्रमांकाची वाट अटलांटिकच्या किनाऱ्यावरील र्‍वायाँ येथून निघून, विणलेल्या चित्रपटांसाठी प्रसिद्ध असलेल्या क्रोझमधील ओब्यूसाँ गावावरून, थेट भूमध्य समुद्राजवळील ग्रासपर्यंत जाते.

सरकारनेही काही केले आहे. १९८३ च्या कायद्यानुसार प्रत्येक जिल्ह्याला पदभ्रमणाच्या वाटांची यादी करता येते. यादीतील वाट विकावयाची, तर तिच्या बदली दुसरी वाट द्यावी लागते. २०२२ च्या कायद्याने कम्यूनला आपल्या वाटांची मोजदाद हाती घेण्याचा ठराव करता येतो, आणि तसा ठराव झाला की तीस वर्षांच्या त्या मुदतीचे घड्याळ दोन वर्षांपर्यंत थांबते. मुदत थांबली तरी काटे काही थांबत नाहीत, ही गोष्ट निराळी.

क्रोझमध्ये केवळ चालणारेच आले असे नाही. सुप्रसिद्ध चित्रकार क्लोद मोने १८८९ साली फ्रेसलीन येथे दोन नद्यांच्या संगमाजवळ येऊन राहिला आणि त्याने तेथे वीसहून अधिक चित्रे काढली. तो एका निष्पर्ण ओक वृक्षाचे चित्र काढीत असता वसंत आला आणि वृक्षाला पालवी फुटली. तेव्हा मालकाची परवानगी घेऊन त्याने माणसांकरवी सारी पाने खुडून टाकविली! चित्र उत्तम साधले. वृक्षाचे मत कोणी विचारले नाही.

वाटा राखणाऱ्यांना मात्र पालवी फुटण्यापूर्वीच निघावे लागते. हे बहुतेक स्वयंसेवक असतात. त्यांत निवृत्त झालेले पुष्कळ. हातात कोयता आणि करवत, पिशवीत रंगाचे डबे. पडलेली फांदी बाजूला करावयाची, झुडपे छाटावयाची, पुसट झालेली खूण पुन्हा ठळक करावयाची आणि पुढच्या वळणाकडे जावयाचे. ओलसर बांधावर त्या वेळी नुकती कोठे पिवळी फुले दिसू लागलेली असतात, आणि चिखल अजून जोड्यांना चिकटत असतो. जुने गवंडी घरून निघत, तेही याच दिवसांत.