लेन्सला हात सगळ्यात शेवटी

चि. निखिल,

तुझं पत्र पोचलं. पिक्चर मधूनच धूसर होतं, फोकसचा नॉब फिरवला की सुधारतं, पाच मिनिटांत पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आधी तो नॉब सोड. प्रोजेक्टरच्या गेटमधली, म्हणजे दिव्यासमोर फिल्म धरून ठेवणाऱ्या भागातली, चौकट जेमतेम २१ मिलिमीटर रुंद असते. वीस फुटी पडद्यावर ती तीनशे पट होऊन पडते, म्हणजे फिल्म केसाच्या जाडीइतकी पुढेमागे सरकली तरी हिरोचा चेहरा पुसट होणार. फिल्म जागेवर राहत नसेल तर लेन्स बिचारी काय करील? दर पाच मिनिटांनी नॉब फिरवणारा ऑपरेटर दोष काढत नाही, झाकतो.

आधी पडदा बघायला शीक, आणि तोही केबिनच्या काचेतून नुसत्या डोळ्यांनी नको. एक साधी दुर्बीण जवळ ठेव. चेहऱ्याच्या कडा बघून फोकस ठरवू नकोस, कडा फसवतात. फिल्मचा ग्रेन, म्हणजे तिचे बारीक कण, नाचताना स्पष्ट दिसला की फोकस बरोबर.

श्रेयनामावलीसारखी दुसरी परीक्षा नाही, त्यातही देवनागरी अक्षरांची. शिरोरेषा आडवी आणि काना उभा, दोन्ही एकाच शब्दात. स्कोप, म्हणजे रुंद पडद्याच्या, पिक्चरमध्ये शिरोरेषा धारदार आणि काना मऊ, किंवा याच्या उलट दिसलं, तर पुढच्या स्कोप लेन्सची अंतराची कडी चुकली आहे. आधी मुख्य लेन्स नीट लावायची, मग ती कडी पडद्याच्या अंतराला जुळवायची. पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली धुरकट शेपटी फुटली असेल तर तो फोकसचा दोषच नाही, शटरची वेळ चुकली आहे. तिथे फोकस करत बसलास तर रात्र जाईल.

एकच बाजू धूसर असेल तर गेटकडे वळ. प्रतिमा उलटी पडते हे विसरू नकोस: पडद्याचा वरचा भाग म्हणजे गेटचा खालचा, आणि डावं-उजवंही तसंच. गेटच्या एका बाजूची पट्टी झिजली किंवा तिच्यावर मळ साचला की फिल्म तिरकी बसते. सगळं चित्र सारखंच फिकट आणि मऊ दिसत असेल, तर लेन्सच्या मागच्या काचेवर मशीनचं तेल उडालं आहे का बघ. केबिनची काचही पूस. पुसेगावच्या जत्रेत तंबूतल्या सिनेमाची धूळ ज्याने खाल्ली आहे, त्याला हे सांगावं लागत नाही. तुमच्या एसी केबिनमध्ये मात्र लोक काच पुसायला विसरतात.

आता तुझ्या दुखण्याकडे येतो. चित्र श्वास घेतल्यासारखं आत-बाहेर होतं असं तू लिहिलंस. गेटच्या दाबपट्टीचा ताण तपास. ढिला असेल तर फिल्म डुलते, चित्रही थरथरतं. जास्त कसलास तर फिल्मच्या कडेची भोकं फाटतात आणि मशीन खडखडायला लागतं. नव्या प्रिंटचा मसाला, म्हणजे फिल्मवरचा चित्राचा थर, ओला असतो, तो पट्टीवर चिकटून खडा धरतो. तो ब्लेडने खरवडू नकोस, पोलाद लागलं की पट्टीवर चरा पडतो आणि तो पुढच्या प्रत्येक प्रिंटवर रेघ ओढतो. बांबूची काडी आणि ओलसर फडकं पुरतं. हे दर रिळानंतर करायचं, फक्त सकाळी नव्हे.

तू जुन्या कृष्णधवल प्रिंट चालवतोस, म्हणून उष्णतेचं सांगतो. त्यांतली चांदी दिव्याची उष्णता शोषून घेते. रंगीत फिल्ममधले रंग ती बरीचशी जाऊ देतात. त्यामुळे गडद दृश्यात फिल्म तापून जास्त फुगते, उजळ दृश्यात कमी, आणि फोकस दृश्यागणिक हलतो. दिव्यापुढचा उष्णतारोधक काचफिल्टर जागेवर आहे का आणि गेटला हवा नीट मिळते का, ते पाहा. पडदा लहान असेल तर दिव्याचा करंट थोडा उतरवायला वरिष्ठांची परवानगी माग. लेन्सही तापते, पहिली काही मिनिटं फोकस जरा सरकेल, तेवढा एकदाच दुरुस्त करून थांब. दिव्याच्या घराचं दार मात्र दिवा गार झाल्यावर आणि तोंडावर ढाल लावूनच उघड. झेनॉनचा बल्ब गार असतानाही दाबाखाली असतो.

हे सगळं करूनही दोष राहिला तर केबिनमधल्या दोन्ही मशीनच्या लेन्सची अदलाबदल कर. दोष लेन्सबरोबर गेला तर लेन्स, मशीनवरच राहिला तर गेट. दोन्ही मशीनवर, त्याच रिळात, त्याच जागी आला तर प्रिंट. डबा उघडताना आंबट वास आला, फिल्म लाटांसारखी वाकलेली दिसली, तर गेट कितीही कसलं तरी ती सपाट होणार नाही. ती चालवण्याचा हट्ट करू नकोस, कोणी आग्रह केला तरी. ती शेवटचीही प्रत असू शकते.

रिळाचा नंबर, सुरुवात की शेवट, आणि पडद्याची कुठली बाजू, एवढं वहीत टिपून पुढच्या पत्रात पाठव. नुसतं ‘धूसर दिसतं’ एवढ्यावर मला इथून काही सांगता येणार नाही.

तुझा,
मामा