मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळावरील मनोविकारतज्ज्ञ : पात्रता आणि जबाबदारी

घरातील एखाद्या व्यक्तीला तीव्र मानसिक आजारामुळे तिच्या इच्छेविरुद्ध रुग्णालयात दाखल करावे लागते, तेव्हा कुटुंबीयांच्या मनात दोन प्रश्न असतात. उपचार योग्य होत आहेत ना, हा पहिला. हा निर्णय चुकला असेल तर तो तपासणार कोण, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर उपचार करणारे डॉक्टर देतात. दुसऱ्यासाठी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ या कायद्याने पुनर्विलोकन मंडळाची तरतूद केली आहे. हा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे.

१९८७ च्या जुन्या कायद्यात प्रत्येक मनोरुग्णालयासाठी किमान पाच अभ्यागत नेमले जात. त्यांपैकी एक वैद्यकीय अधिकारी असे आणि तो ‘शक्यतो’ मनोविकारतज्ज्ञ असावा, एवढीच अपेक्षा होती. नव्या कायद्याने हा ‘शक्यतो’ काढून टाकला.

मंडळाची रचना : कलम ७४ नुसार जिल्हा न्यायाधीश, त्या पदास पात्र न्यायिक अधिकारी किंवा निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात. जिल्हाधिकाऱ्यांचा (कर्नाटकात डेप्युटी कमिशनरांचा) प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक वैद्यकीय व्यावसायिक, तसेच रुग्ण, त्यांची काळजी घेणारे किंवा या क्षेत्रातील संस्था यांच्यातून दोन, असे सदस्य असतात.

शैक्षणिक पात्रता : मनोविकारशास्त्रातील मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी किंवा पदविका आवश्यक आहे. याखेरीज, ज्ञान व अनुभव पाहून राज्य शासनाने ज्याला मनोविकारतज्ज्ञ म्हणून घोषित केले आहे असा वैद्यकीय अधिकारीही पात्र ठरतो. तज्ज्ञांची संख्या अपुरी असलेल्या भागांसाठी ही सवलत उपयोगी आहे. मात्र ती जपून वापरली पाहिजे.

येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. राज्य प्राधिकरणावरील चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोविकार समाजकार्यकर्ता व परिचारिका यांना किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. मंडळावरील मनोविकारतज्ज्ञासाठी मात्र या कलमात वर्षांची अट नाही.

अपात्रता : नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा, दिवाळखोरी, सेवेतून बडतर्फी, किंवा कर्तव्यात बाधा आणील असा आर्थिक वा अन्य हितसंबंध असल्यास नेमणूक होऊ शकत नाही. मुदत पाच वर्षांची, फेरनेमणूक आणखी पाच वर्षांसाठी आणि वयोमर्यादा ७० आहे.

या शेवटच्या अपात्रतेत, म्हणजे हितसंबंधात, खरा प्रश्न दडलेला आहे. कलम ८९ खालील दाखल्याची माहिती रुग्णालयाने मंडळास सात दिवसांत, स्त्री किंवा अल्पवयीन असल्यास तीन दिवसांत, द्यावयाची असते. रुग्णाने दाद मागितल्यास मंडळाने सात दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. आजाराची तीव्रता आणि दाखल्याची गरज यांविषयी इतर सदस्य साहजिकच तज्ज्ञाच्या मताकडे पाहतात. आपल्यासारख्या मध्यम शहरांत मनोविकारतज्ज्ञ मोजकेच. ज्याने रुग्णाला दाखल केले तो या सदस्याचा सहाध्यायी, गुरू किंवा भागीदारही असू शकतो. अशा वेळी पदवी कितीही मोठी असली तरी रुग्णाला न्याय मिळाला असे वाटणार नाही. सदस्याने संबंध आधीच उघड करून त्या प्रकरणापुरते आपण होऊन बाजूला व्हावे, हेच उचित. गणपूर्ती तीन सदस्यांची असल्याने केवळ त्यामुळे बैठक अडत नाही.

आपल्या संघटनेच्या सभासदांसाठीही यात काही आहे. वैद्यकीय व्यावसायिकाच्या जागेसाठी ॲलोपॅथीबरोबर आयुर्वेद व होमिओपॅथीचे नोंदणीकृत डॉक्टरही कायद्याच्या व्याख्येत बसतात. कुटुंबाला वर्षानुवर्षे ओळखणारा फॅमिली डॉक्टर रुग्णाची घरची परिस्थिती जितकी जाणतो, तितकी क्वचितच दुसरा कोणी जाणत असेल. मंडळासाठी नावे सुचविण्याची वेळ आली, तर पदवीबरोबरच त्या व्यक्तीचे रुग्णालयांशी असलेले संबंध विचारून घ्यावेत. आपल्या ओळखीतील कोणी इच्छेविरुद्ध दाखल झाले असेल, तर या मंडळाकडे दाद मागता येते, हे त्याच्या घरच्यांना आवर्जून सांगावे.