नवा संगणक आणि जुने दप्तर

ग्रामपंचायत, प्राथमिक शाळा, सहकारी सोसायटी अशा लहान कार्यालयांतील पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा संगणक एके दिवशी बंद पडतो आणि त्याच्या जागी नवा येतो. यंत्र नवे असले तरी दप्तर मात्र जुनेच असते. घरपट्टीच्या याद्या, सभांची इतिवृत्ते, शाळा सोडल्याचे दाखले हे सारे जुन्या आज्ञावलीत, म्हणजेच सॉफ्टवेअरमध्ये, तयार केलेले असते. नव्या संगणकावर ते उघडले असता मराठी मजकुराच्या जागी पुष्कळदा रोमन अक्षरांची अर्थहीन गर्दी दिसते आणि दाखल्यासाठी आलेल्या ग्रामस्थाला हात हलवीत परत जावे लागते. योग्य क्रमाने काम केल्यास हा प्रसंग टाळता येतो.

जुनी आज्ञावली का बदलावी?

जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर कशीबशी चालली तरी ती चालू ठेवणे हिताचे नसते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या २००७ च्या आवृत्तीस मिळणारे साहाय्य १० ऑक्टोबर २०१७ रोजी, तर २०१० च्या आवृत्तीचे १३ ऑक्टोबर २०२० रोजी संपले. २०१६ व २०१९ या आवृत्त्यांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. मुदत संपल्यावर आज्ञावलीतील उणिवा दुरुस्त केल्या जात नाहीत. अशा उणिवांतून शिरलेला व्हायरस साऱ्या दप्तराचा नाश करू शकतो.

परवान्याचाही विचार करावा लागतो. यंत्राबरोबर मिळालेला परवाना सामान्यतः त्याच यंत्रापुरता असतो व तो नव्या यंत्रावर नेता येत नाही. स्वतंत्रपणे विकत घेतलेला परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर वापरता येतो. अनधिकृत प्रती वापरणे बेकायदेशीर तर आहेच, शिवाय धोक्याचेही आहे. खर्च परवडत नसल्यास २०१० साली सुरू झालेली लिबरऑफिस ही आज्ञावली विनामूल्य मिळते. जुन्या डॉक व एक्सएलएस प्रकारच्या फाइली तीत उघडतात. मात्र मांडणीत थोडा फरक पडू शकतो.

खरी अडचण लिपीची

देवनागरीत लिहिणाऱ्या कार्यालयांपुढे याहून मोठा प्रश्न असतो तो अक्षरांचा. गोव्यात १९८७ च्या राजभाषा अधिनियमानुसार कोकणी ही राजभाषा असून शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करता येतो. या दोन्ही भाषांतील जुने देवनागरी मजकूर पुष्कळ ठिकाणी जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकलिखित झालेले आहेत.

संगणक प्रत्येक अक्षर एका क्रमांकाने ओळखतो. जुन्या फाँटमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक नव्हते. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या क्रमांकांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. म्हणून तो विशिष्ट फाँट नव्या संगणकावर नसेल तर मूळचे रोमन रूप उघडे पडते. युनिकोड पद्धतीत प्रत्येक अक्षराला कायमचा स्वतंत्र क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे व तो जगातील कोणत्याही संगणकावर तोच राहतो. नवी आज्ञावली बसविल्याने जुना मजकूर आपोआप युनिकोडमध्ये येत नाही. त्यासाठी परिवर्तक आज्ञावली वापरून त्याचे रूपांतर करावे लागते.

कामाचा क्रम

प्रथम जुन्या यंत्रावरील सर्व फाइलींच्या दोन प्रती काढाव्यात व त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर सुरक्षित ठेवावी. जुने फाँटही याच वेळी उतरवून घ्यावेत. ते हाती नसतील तर मूळ मजकूर पडताळून पाहणे कठीण होते. मग नवी आज्ञावली बसवावी आणि संगणकाच्या भाषा-मांडणीत मराठी भाषा व इनस्क्रिप्ट कळफलक जोडून घ्यावा. त्यानंतर मूळ फाइलींना हात न लावता त्यांच्या प्रतींवरच रूपांतर करावे.

रूपांतरित मजकूर जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहणे अत्यावश्यक आहे. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टंकली जाई. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर नोंदली जाते. यामुळे ऱ्हस्व वेलांटी, रफार व जोडाक्षरे यांत चुका राहण्याचा संभव असतो. मराठी मजकुरात मधूनच आलेले इंग्रजी शब्दही देवनागरी समजून बदलले जातात. नावातील एका चुकीने पुढे वारसाहक्काच्या कामात अडथळा येऊ शकतो, म्हणून नावे, तारखा व रकमा दोघांनी मिळून वाचाव्यात : एकाने मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ताडावे.

हिशेबाच्या तक्त्यांत प्रत्येक रकान्याची बेरीज जुन्या बेरजेशी जुळते की नाही ते पाहावे. जुन्या एक्सएलएस तक्त्यात ६५,५३६ ओळी मावत, नव्या एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ मावतात. म्हणून मोठा नवा तक्ता जुन्या प्रकारात साठविल्यास खालच्या ओळी गळतात. ज्या तक्त्यांत मॅक्रो आहेत ते एक्सएलएसएम प्रकारातच साठवावेत, अन्यथा मॅक्रो नाहीसे होतात.

जुन्या यंत्राचे काय?

निदान एक हिशेबी वर्ष नव्या व्यवस्थेत पार पडेपर्यंत जुने यंत्र चालू स्थितीत असल्यास मोडीत काढू नये. पुढे ते देताना त्यातील ग्रामस्थांची माहिती पूर्णपणे पुसून टाकावी.

संगणक दर काही वर्षांनी बदलणारच. दप्तर मात्र पिढ्यांसाठी असते. आज शिकणाऱ्या मुलाला तीस वर्षांनंतर आपला दाखला मागावा लागेल, तेव्हा तो कोणत्याही यंत्रावर वाचता यावा, हाच या साऱ्या खटाटोपाचा हेतू होय.