पहिला भारतीय कमांडर इतक्या उशिरा का?

प्रश्न : भारतीय हवाई दल १९३२ मध्ये स्थापन झालं. मग आपल्या पहिल्या स्क्वाड्रनला भारतीय कमांडर मिळायला १९३९ का उजाडावं लागलं? ब्रिटिशांचा अविश्वास, दुसरं काय?

उत्तर : अविश्वास होताच, पण सगळं बिल त्याच्या नावावर फाडू नये. ८ ऑक्टोबर १९३२ ला क्रॅनवेलहून शिकून निघालेले आपले वैमानिक होते पाच, आणि पाचही जण अगदी तळाच्या हुद्द्यावरचे. १ एप्रिल १९३३ ला कराचीच्या ड्रिग रोड तळावर क्रमांक १ स्क्वाड्रन उभी राहिली ती चार वापिटी विमानांवर. म्हणजे नाव स्क्वाड्रनचं, ताकद एका फ्लाइटची! दुसरी फ्लाइट आली १९३६ मध्ये आणि तिसरी १९३८ मध्ये. तोवर सेसिल बाउचर यांच्यापासून सगळे कमांडर ब्रिटिशच. त्या पाचांपैकी सुब्रतो मुखर्जी आधी फ्लाइट कमांडर झाले आणि १६ मार्च १९३९ ला अख्खी स्क्वाड्रन त्यांच्या हाती आली. वय अठ्ठावीस. पुढे १९५४ मध्ये हेच हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख.

मग युद्ध पेटलं आणि खांदेपालट झपाट्याने होऊ लागली. १९४२ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात कमांडर होते के. के. मजुमदार. जपान्यांनी टाँगूच्या तळावर हल्ला केला, तेव्हा टेहळणीच्या लायसँडरला बॉम्ब लटकवून हा गडी आधी स्वतः शत्रूच्या तळावर गेला, मग सगळ्या स्क्वाड्रनला घेऊन गेला. कमांडरची खुर्ची विमानातच असते, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. १९४४ मध्ये इंफाळला हरिकेन विमानांचं नेतृत्व अर्जन सिंग यांनी केलं. माउंटबॅटन यांनी त्यांना डीएफसी हे शौर्यपदक तिथेच दिलं.

पण ही परंपरा वाटते तितकी सलग नाही. फाळणीत या स्क्वाड्रनची सामग्री पाकिस्तानच्या वाट्याला गेली. आपल्याकडे नुसता क्रमांक उरला, तोही कपाटात. १९५३ मध्ये क्रमांक १५ स्क्वाड्रनला तो देऊन ती ‘क्रमांक १’ करण्यात आली. त्यामुळे कमांडरांची यादी लिहायला बसलात, तर फाळणीपासून १९५३ पर्यंतची जागा कोरीच सोडावी लागेल.